एक जोडी जास्त: नायट्रोनियमच्या एका चुकलेल्या आकृतीचं प्रकरण

दिवाळीनंतरच्या पहिल्या चाचणीत मी अकरावीच्या मुलांना दोन मार्कांचा एक प्रश्न घातला होता. नायट्रोनियम आयनाची, म्हणजे एनओ₂⁺ ची, लुईस संरचना काढा आणि आकार लिहा. लुईस संरचना म्हणजे इलेक्ट्रॉनांची आकृती: एक ठिपका म्हणजे एक इलेक्ट्रॉन, दोन अणूंमधली एक रेघ म्हणजे वाटून घेतलेली एक जोडी. माझ्याकडे घरी शिकायला येणारी मुलं नऊच, त्यामुळे पेपर तपासायला तासभर पुरतो. आठ पेपरांत नेहमीचंच काहीबाही होतं. कुणी कंस विसरलेलं, कुणी प्लस विसरलेलं, दोघांनी प्रश्नच सोडलेला. नवव्या पेपरापाशी मी थांबले.

आकृती देखणी होती. मध्ये एन, डावीकडे दोन रेघांनी जोडलेला ओ, उजवीकडे एका रेघेने जोडलेला ओ. एनच्या डोक्यावर दोन ठिपके, डाव्या ओभोवती चार, उजव्या ओभोवती सहा. ठिपके टोकदार पेन्सिलीने, जोडीजोडीने, रांगोळीचे असावेत तसे. बाहेर चौकोनी कंस आणि वर उजव्या कोपऱ्यात छोटासा प्लस. खाली लिहिलं होतं, आकार कोनीय, कोन १२० अंशांपेक्षा थोडा कमी. मी शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, "इलेक्ट्रॉन मोज."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पेपर घेऊन आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सायन्सला सगळं इंग्रजीतून. फारसं बोलत नाही, पण हिशेबाला पक्की. म्हणाली, "मॅडम, मोजले. अठरा आहेत. सगळ्यांचे आठ-आठ पूर्ण आहेत. चुकलं कुठे?"

मी पुन्हा पाहिलं. तिचं म्हणणं खरं होतं. नायट्रोजन-ऑक्सिजनसारख्या अणूंभोवती आठ इलेक्ट्रॉन व्हावे लागतात, त्याला अष्टक म्हणतात. नायट्रोजनभोवती तीन रेघा आणि एक जोडी, झाले आठ. दोन्ही ऑक्सिजनभोवती आठ. एकूण नऊ जोड्या, एकही ठिपका इकडचा तिकडे नाही. फक्त ही आकृती दुसऱ्याच आयनाची होती, नायट्राइटची, एनओ₂⁻ ची. कोनसुद्धा त्याचाच, कारण नायट्राइटमधला कोन खरोखरच ११५ अंशांच्या आसपास असतो. तिने नायट्राइट काढून त्याला नायट्रोनियमची टोपी घातली होती.

हिशेब असा आहे. नायट्रोजनचे बाह्यतम कवचातले पाच इलेक्ट्रॉन, दोन ऑक्सिजनचे सहा-सहा, बेरीज सतरा. आयनावर एक धन प्रभार आहे, म्हणजे या सतरांतला एक इलेक्ट्रॉन गेलेला आहे. उरले सोळा. तिने सतरांत एक मिळवला होता.

पहिलं निदान

चिन्हाचा गोंधळ, असं मनात म्हणून मी मोकळी झाले. दरवर्षी दोघा-तिघांचा होतो. त्यावर माझा ठरलेला मंत्र आहे: प्लस दिसला की वजा, मायनस दिसला की मिळवा. तो तिला ऐकवला, तिने तो समासात लिहून घेतला आणि मी पुढच्या धड्याला लागले. आठवड्याने नायट्रोसोनियम दिला, एनओ⁺. पाच आणि सहा अकरा, एक गेला, राहिले दहा. दोघांचं अष्टक भरायचं तर मध्ये तिहेरी बंध हवा. तिने बारा मोजले, मध्ये दोन रेघा काढल्या, दोन्हीकडे दोन-दोन जोड्या ठेवल्या, कंस, प्लस. पुन्हा देखणी आकृती, पुन्हा भलत्याच आयनाची.

आता मला एक झकास उपपत्ती सुचली. मराठी शाळेत पहिलीपासून या चिन्हाचं नाव 'अधिक'. पाच अधिक तीन. अधिक म्हणजे मिळवायचं, हे हाडीमाशी भिनलेलं असतं. रसायनशास्त्रात त्याच चिन्हापाशी वजा करायला सांगितलं की हात जुन्याच वाटेने जाणार. ही उपपत्ती मला इतकी आवडली की मी ती तिला सांगूनही टाकली. ती जरा थांबून म्हणाली, "तसं नाहीये मॅडम." मग कसं आहे, ते मात्र तिला सांगता येईना.

तेव्हा कुठे मी ते केलं जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. एका कागदावर सहा आयन लिहून दिले: कार्बोनेट, नायट्रेट, सायनाइड, अमोनियम, हायड्रोनियम आणि पुन्हा एकदा नायट्रोसोनियम. मी गप्प बसून नुसतं बघत राहिले. तिन्ही ऋण आयन बिनचूक आले. अमोनियम आणि हायड्रोनियमही बरोबर. नायट्रोसोनियम चूक.

चिन्हाचा गोंधळ असता, तर कार्बोनेटमध्ये तिने बावीसमधून दोन काढून वीस मोजले असते. तिने चोवीसच मोजले होते. माझी 'अधिक'ची उपपत्तीही त्याच दगडावर आपटली, कारण अधिकला मिळवणारी मुलगी उणेला वजा करणार. हिचं तसं काहीच नव्हतं. मग मी म्हटलं, "कार्बोनेटची बेरीज मोठ्याने करून दाखव बघू."

"चार. सहा त्रिक अठरा. बावीस. वर दोन आहेत, चोवीस."

वर दोन आहेत. चिन्हाचा उल्लेखच नाही. खाली लिहिलेला आकडा जसा ऑक्सिजन किती ते सांगतो, तसा वर लिहिलेला आकडा आणखी किती इलेक्ट्रॉन धरायचे ते सांगतो, असा तिचा सरळ समज होता. चिन्ह म्हणजे त्या आकड्यामागची शेपटी, वाचायची नाही. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. तो तिचा तिने बसवला होता, आणि तो तिला फळतही होता. अकरावीत भेटणारे अनेक अणूंचे आयन आठवून पाहा: कार्बोनेट, नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड. झाडून सगळे ऋण. ज्या नियमाने दहातली नऊ उत्तरं बरोबर येतात, तो नियम समासात लिहिलेल्या मंत्राने कशाला हलेल?

अमोनियम मग बरोबर कसा?

हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. तिचा नियम लावला तर अमोनियममध्ये पाच, चार आणि वर एक, म्हणजे दहा व्हायला हवेत. आकृतीत मात्र चार रेघा होत्या, आठच इलेक्ट्रॉन. म्हणून तिला अमोनियमची नुसती बेरीज लिहायला सांगितली. तिने बेधडक १० लिहिलं, मग स्वतःच्या आकृतीकडे पाहिलं आणि पेन्सिल थांबली.

"मॅडम, हा मी मोजून काढलाच नव्हता."

अमोनिया तिला ठाऊक होता. त्याच्या नायट्रोजनवरची एकाकी, म्हणजे कुठल्याच बंधात नसलेली, जोडी ठाऊक होती. त्या जोडीवर एच⁺ येऊन बसतो हे चित्र नववी-दहावीच्या आम्ल-आम्लारीपासून डोक्यात पक्कं. हायड्रोनियमचंही तेच, फक्त अमोनियाच्या जागी पाणी. तिथे प्लस येतो तो प्रोटॉनच्या पाठीवर बसून. सोबत इलेक्ट्रॉन आणत नाही, कुणाचा नेतही नाही. त्यामुळे तिला वजाबाकीची गरजच पडली नव्हती. पाहायला गेलं तर हिशेब तोच आहे: चार हायड्रोजन धरले की चार इलेक्ट्रॉन धरले जातात, पण त्यातला एक हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन कुठेतरी सोडून आलेला असतो, म्हणून एक वजा. पण चित्र पाठ असणाऱ्याला हा हिशेब कधी करावाच लागत नाही. आमच्या पिढीनेही अमोनियम असाच पाठ केला आणि मोजून काढल्याचा आव आणला, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

म्हणजे धन आयन म्हणून ज्या दोन उदाहरणांवर मी विसंबून होते, ती दोन्ही तिची चूक दाखवायला निरुपयोगी होती.

चूक लपते कशी

इथे जरा रेंगाळते, कारण या प्रकरणात मला स्वतःला सगळ्यात नवं वाटलं ते हे. एक इलेक्ट्रॉन वजा करायचा नुसता राहून गेला, तर फरक एका इलेक्ट्रॉनचा पडतो. सोळाच्या जागी सतरा. सतरा विषम, जोड्या लागत नाहीत, एक ठिपका एकटाच लोंबकळत राहतो आणि मुलाला कळतं की काहीतरी बिघडलंय. पण वजा करण्याऐवजी मिळवला, तर फरक दोनाचा पडतो. सोळाच्या जागी अठरा. दोन म्हणजे एक अख्खी जोडी. जोड्या पुन्हा बिनबोभाट लागतात. सम आकड्यामुळे जो दिलासा मिळतो तो खोटा असतो, पण मिळतो.

गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये बर्कलीहून जो विचार मांडला त्याचं बीजच हे होतं, की दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजे बंध. 'कोव्हॅलंट' हा शब्द नंतरचा, १९१९ मधला, अर्व्हिंग लँगम्यूरचा. त्या जोडीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की सुटा इलेक्ट्रॉन दिसला तरच आपण दचकतो. जादा जोडी आली तर तिला पाट मांडून जेवायला बसवतो.

त्यात हायड्रोजन असले तर चूक उघडी पडते. हायड्रोजनला दोनच इलेक्ट्रॉन पुरतात. अमोनियममध्ये चुकून दहा मोजले तर पाचवी जोडी हायड्रोजनवर मावत नाही, ती नायट्रोजनच्याच माथी येते आणि त्याच्याभोवती दहा होतात. कुणाच्याही डोळ्यांना खुपेल. पण नायट्रोनियम आणि नायट्रोसोनियममध्ये हायड्रोजन नाही. तिथे जादा जोडी आली की एक बंध सुटतो, तिहेरीचा दुहेरी होतो, दुहेरीचा एकेरी होतो, आणि सगळ्यांची अष्टकं पुन्हा भरतात. चूक आकृतीत विरघळून जाते. नऊ जोड्यांचं नायट्राइट हे खरंखुरं, बाटलीत मिळणारं आयन आहे. ती अडखळणार कुठे?

चिंचोके

मंत्र सांगून झाला होता, उपपत्ती सांगून झाली होती. आता घरातला चिंचोक्यांचा डबा काढला. फरशीवर खडूने तीन गोल काढले. मधल्यात पाच चिंचोके, बाजूच्या दोन्हींत सहा-सहा. "किती?" "सतरा." हा सतरा चिंचोक्यांचा ढीग म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू, तो तांबूस तपकिरी वायू. त्यावर प्रभार नाही.

"आता याचा नायट्रोनियम कर."

तिचा हात डब्याकडे गेला. मी डब्याचं झाकण लावलं. "प्रोटॉन वाढवता येत नाहीत, ते अणूच्या गाभ्यात आहेत. मग हा ढीग धन व्हायचा तर काय करशील?" तिने पाचेक सेकंद चिंचोक्यांकडे पाहिलं, एक उचलला आणि मुठीत धरला. सोळा उरले. मूठ तिने सगळा वेळ मिटलेलीच ठेवली. डाव्या हाताने बाकीचं मांडत होती.

मग मी बाजूला नवे तीन गोल काढले, तिघांत पाच-पाच. पंधरा. "हा अझाइड. याच्यावर मायनस आहे." यावेळी तिने स्वतःच डबा उघडला आणि एक घातला. सोळा. शेजारी कार्बन डायऑक्साइड मांडला, चार आणि सहा-सहा. न काढता, न घालता सोळा.

"तिघांत सारखेच?" ती म्हणाली.

सारखेच. आणि तिघेही सरळ रेषेत. कार्बन डायऑक्साइड ओ=सी=ओ असा असतो आणि सरळ असतो, हे तिला दहावीपासून माहीत होतं. तिथे पोचल्यावर नायट्रोनियमचा आकार मला सांगावाच लागला नाही.

आकृती मात्र मी तिला कोऱ्या कागदावर काढू दिली नाही. जुनीच, चुकलेली, फरशीवर चिंचोक्यांत मांडायला लावली आणि म्हटलं, "यातून दोन काढायचेत. कुठून काढशील?" तिने नायट्रोजनच्या डोक्यावरची जोडी उचलली. उरलं ते असं: डावीकडे दुहेरी बंध, उजवीकडे एकेरी, नायट्रोजनभोवती फक्त सहा. उजव्या ऑक्सिजनकडे मात्र स्वतःच्या तीन जोड्या पडून. तिने त्यातली एक हळूच मधल्या रेषेवर सरकवली. ओ=एन=ओ. दोन्ही ऑक्सिजनवर दोन-दोन जोड्या, नायट्रोजनवर एकही एकाकी जोडी नाही. आठ जोड्या, सोळा चिंचोके, सतरावा मुठीत.

ताळेबंद

खरं तर तिची चूक पकडायचं हत्यार तिला आधीच शिकवलेलं होतं. फॉर्मल चार्ज. अणूचे स्वतःचे मूळ इलेक्ट्रॉन घ्यायचे, त्यातून त्याच्या एकाकी इलेक्ट्रॉनांची संख्या वजा करायची, मग त्याला लागलेल्या रेघांची संख्या वजा करायची. सगळ्या अणूंच्या या आकड्यांची बेरीज आयनाच्या प्रभाराइतकी आलीच पाहिजे.

तिच्या पहिल्या आकृतीला हे लावून पाहा. नायट्रोजन: पाच वजा दोन वजा तीन, शून्य. डावा ऑक्सिजन: सहा वजा चार वजा दोन, शून्य. उजवा: सहा वजा सहा वजा एक, उणे एक. बेरीज उणे एक. कंसाबाहेर मात्र प्लस. तिचीच वही तिला सांगत होती की हे पान नायट्राइटचं आहे, पण ही बेरीज तिने केली नाही. कारण मी फॉर्मल चार्ज शिकवला होता तो अनुनादी संरचनांपैकी, म्हणजे एकाच रेणूच्या वेगवेगळ्या शक्य आकृत्यांपैकी, चांगली कोणती ते ठरवायला. किराणा दुकानातला गल्ला रात्री मोजतात तसा तो प्रत्येक आकृतीनंतर मोजायचा असतो, असं मी कधी म्हटलंच नव्हतं. ही चूक माझ्या खात्यातली.

नव्या आकृतीत नायट्रोजन: पाच वजा चार, अधिक एक. दोन्ही ऑक्सिजन शून्य. बेरीज अधिक एक. ताळा जमला. तिने लगेच विचारलं, की एका बाजूला तिहेरी आणि दुसरीकडे एकेरी बंध काढला तरी अष्टकं भरतात, मग ती का नको? प्रश्न रास्त होता. तशा आकृतीत नायट्रोजनवर अधिक एक, तिहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर अधिक एक आणि एकेरीच्या ऑक्सिजनवर उणे एक येतो. बेरीज जमते, पण दोन प्लस शेजारी-शेजारी बसतात आणि त्यातला एक ऑक्सिजनसारख्या इलेक्ट्रॉनलोभी अणूवर. दुहेरी-दुहेरीत एकच प्लस आहे, तोही नायट्रोजनवर. म्हणून ती सरस.

मग मुठीतला चिंचोका परत मागितला. तो नायट्रोजनच्या डोक्यावर ठेवला की वायू झाला, आणखी एक शेजारी ठेवला की नायट्राइट. सोळा, सतरा, अठरा. कोन अनुक्रमे १८०, सुमारे १३४ आणि सुमारे ११५ अंश. डोक्यावर काही नाही तेव्हा दोन्ही हात सरळ पसरलेले. एकटा इलेक्ट्रॉन आला की हात थोडे खाली. पूर्ण जोडी बसली की आणखी खाली. प्रवेश परीक्षांच्या तयारीत या तिघांचा क्रम मुलं घोकतात. हिने तो घोकला नाही. बंधांची लांबीही त्याच क्रमाने वाढते, अंदाजे ११५, १२० आणि १२४ पिकोमीटर. इलेक्ट्रॉन गेला की बंध सैल व्हायला हवा असं मुलांना वाटतं. इथे उलट तो आवळतो, कारण नायट्राइटमधल्या सरासरी दीड बंधाच्या जागी पूर्ण दोन बंध आले. नायट्रिक ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन काढून नायट्रोसोनियम केला तरी तेच होतं, ११५ वरून लांबी १०६ पिकोमीटरवर येते.

पुन्हा प्लसपाशी

प्रकरण मिटलं असं मी वहीत लिहूनही टाकलं होतं. फेब्रुवारीत बेंझीनचं नायट्रेशन आलं, म्हणजे बेंझीनच्या रिंगवर नायट्रो गट बसवणं. ही अभिक्रिया नायट्रोनियमच करतो. तीव्र नायट्रिक आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल एकत्र केलं की नायट्रिकच्या ओएच गटावर एक प्रोटॉन बसतो, पाणी आपल्या जोडीसकट बाहेर पडतं आणि प्लस मागे राहतो. हे नुसतं कागदावरचं नव्हे. सल्फ्युरिक आम्लात नायट्रिक आम्ल विरघळवलं की सल्फ्युरिकचा गोठणबिंदू जितका उतरतो त्यावरून एका रेणूमागे चार कण तयार होतात असं दिसतं: नायट्रोनियम, हायड्रोनियम आणि दोन बायसल्फेट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ख्रिस्तोफर इंगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोठणबिंदू आणि रामन वर्णपट अशा दोन्ही वाटांनी हा आयन पक्का केला. रामन वर्णपटात तो १४०० प्रति सेंटीमीटरच्या आसपासच्या ठळक रेषेने ओळखू येतो.

तिने बाण काढला, इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून कुठे जाते ते दाखवणारा. बेंझीनच्या दुहेरी बंधातून निघून नायट्रोजनवर टेकणारा, वळणदार, सुरेख बाण. पुढच्या चित्रात नायट्रोजनला रिंगशी एक रेघ आणि दोन्ही ऑक्सिजनशी दोन-दोन. पाच रेघा, दहा इलेक्ट्रॉन.

"अगं, हे दहा झाले."

"पण मॅडम, नायट्रोजनवर प्लस होता ना. म्हणजे जागा रिकामी होती."

म्हणजे वजाबाकी जमली, पण प्लसचा अर्थ अजून अर्धाच हाती होता. मी तिला मिथिल कॅटायन, म्हणजे मिथिलचा धन आयन, काढायला सांगितला, सीएच₃⁺. चार आणि तीन सात, एक गेला, सहा. तीन रेघा, संपलं. कार्बनभोवती सहाच. इथे प्लस म्हणजे खरोखर रिकामी खोली; कुणीही जोडी घेऊन यावं आणि राहावं. नायट्रोनियमच्या नायट्रोजनवरही प्लसच लिहिलेला आहे, पण त्याच्याभोवती आठ पूर्ण आहेत. घर भरलेलं आहे. पाहुणा आला तर घरातल्या एकाला ओसरीवर झोपायला जावं लागणार. म्हणून दुसरा बाण हवा: रिंगची जोडी नायट्रोजनकडे येताना नायट्रोजन-ऑक्सिजनच्या एका दुहेरी बंधातली जोडी ऑक्सिजनवर जाते.

तिने दुसरा बाण काढला, मग न सांगता ताळा केला. नायट्रोजन अधिक एक, एक ऑक्सिजन शून्य, दुसरा उणे एक. "हे तर शून्य झालं. प्लस गेला कुठे?" आणि मग तिनेच बोट रिंगमधल्या त्या कार्बनवर ठेवलं ज्याच्याभोवती आता तीनच रेघा होत्या. खरी रिकामी खोली तिथे झाली होती.

त्या दिवशी तिने आणखी एक विचारलं: अमोनियममध्ये प्लस नायट्रोजनवर लिहितो, तर तो खरंच तिथे असतो का? नसतो. नायट्रोजन हायड्रोजनपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त ओढतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची खरी दाटी त्याच्याच बाजूला आणि उणीव चार हायड्रोजनांवर पसरलेली. फॉर्मल चार्ज सगळ्या रेघा निम्म्या-निम्म्या वाटून टाकतो, कोण किती ओढतो ते पाहत नाही. मालमत्ता सारखी वाटून दिलेली कागदावर, प्रत्यक्षात जमीन कसणारा एकच, असं म्हटल्यावर ती हसली. तिच्या घरची शेती आहे.

शेवटची आकृती

परीक्षेच्या आधी मी तिला एक असा आयन दिला जो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. नुसत्या नायट्रोजनचा, पाच अणूंचा, एक प्लस. १९९९ मध्ये अमेरिकेत कार्ल क्रिस्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पांढऱ्या क्षाराच्या रूपात बनवला, जपून हाताळावा लागणारा, स्फोटक. अझाइडचं आम्ल आणि नायट्रोजन-फ्लोरिनचा एक धन आयन यांना थंडीत एकत्र आणून. तिला मी एवढंच सांगितलं की पाचही अणू एका साखळीत आहेत.

"पाच पंचे पंचवीस," ती म्हणाली. डावी मूठ नकळत मिटली. "चोवीस."

बारा जोड्या. चार रेघा काढल्या, उरलेल्या आठ जोड्या टोकांपासून वाटत आली, मग खोडरबर, मग पुन्हा. पंधरा-वीस मिनिटांनी तिची आकृती उभी राहिली: दोन्ही टोकांना तिहेरी बंध, मध्ये दोन एकेरी, मधल्या नायट्रोजनवर दोन एकाकी जोड्या. मग खाली ताळा, डावीकडून. शून्य, अधिक एक, उणे एक, अधिक एक, शून्य. बेरीज अधिक एक.

"मॅडम, प्लसच्या आयनात मधल्यावर मायनस?"

"आकार काय होईल?" मी विचारलं.

"मधल्यावर दोन जोड्या आहेत. वाकणार." मोजलेला कोन १११ अंशांच्या आसपास आहे, हे मी नंतर सांगितलं. तोवर ती ताळा पुन्हा करत होती, यावेळी उजवीकडून.